देतेस का पप्पांना?

“कैतान, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा बरं,” फादर सिप्रियन म्हणाले. “मला रेजिनाशी एकटीशी बोलायचंय.”

पप्पा उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना चोपून तेल, आणि कार्मेल आत्याने जबरदस्तीने घालायला लावलेले काळे बूट. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण सकाळपासून मुलगी बघायला आलेल्या मुलासारखा अवघडून बसला होता. दारात थांबून त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि अंगणात जाऊन चिकूच्या झाडाखाली धुण्याच्या दगडावर बसले.

आमच्या वसईच्या पट्ट्यात कुणाच्या मुलाला फादर व्हायचं असलं की असा एक दिवस त्या घरात येतोच. मुलगा आधी आपल्या चर्चच्या फादरांकडे जाऊन सांगतो, मला हाक आलीय. पाचारण म्हणतात त्याला. मग बाप्तिस्म्यापासूनचे दाखले निघतात, शिबिराला पाठवतात, डॉक्टर ठोकूनठाकून बघतो. सगळं जमलं की बिशपांच्या वतीने पाचारणाचं काम बघणारे फादर घरी येतात. आले की मुलाला बाहेर पिटाळतात आणि आईबापांना समोर बसवून एकच विचारतात, “देता का?” आई डोळे पुसते, बाप घसा खाकरतो, दोघंही हो म्हणतात, आणि जूनमध्ये मुलगा ट्रंक घेऊन सेमिनरीत दाखल होतो.

आमच्याकडे सगळंच उलटं. बाहेर पिटाळलेला मुलगा म्हणजे माझे पप्पा, आणि आईबापांच्या खुर्चीत मी! तेवीस वर्षांची, कालची नाइट ड्यूटी करून आलेली, डोळे चोळत बसलेली नर्स. ह्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या खुर्चीचा वेत मला पाठीला कसा टोचत होता ते अजून आठवतं.

फादर सिप्रियन बिनदुधाचा चहा प्यायले. किडकिडीत माणूस, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागायचं.

“तुझं लग्न ठरलं म्हणे. बरं झालं,” ते म्हणाले.

“माझं?”

“नुनीसांच्या विल्सनशी. तुझी आत्या म्हणाली.”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आत्या दाराला कान लावून उभी असणार ह्यात मला शंका नव्हतीच.

“आत्या!” मी ओरडले. “बाहेर ये.”

आत्या पदराला हात पुसत आली. पप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्याच घरात राहायची. जिभेला हाड नाही, पण मायेला अंतही नाही.

“ठरल्यातच जमा आहे, फादर,” ती म्हणाली. “विल्सनची आई रविवारी मिस्सा सुटल्यावर माझ्याशी केवढं हसून बोलली!”

“हसून बोलली म्हणजे लग्न ठरलं? उद्या पोस्टमन हसला तर काय त्याच्याशी लावशील का माझं?”

“मग काय करू मी? बिनलग्नाची मुलगी घरात आहे म्हटल्यावर बिशप घेतील का त्याला? म्हणून बोलले. भावासाठी बोलले, काही पाप नाही केलं.”

फादर सिप्रियननी हात वर केला. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. “कार्मेलबाई, मुलगी कमावती आहे, स्वतःच्या पायांवर उभी आहे, तेवढं बास आहे आम्हाला. लग्न तिचं तिला हवं तेव्हा करू दे. तुम्ही आत जा. आणि जरा त्या दारापासून लांब उभ्या राहा.”

आत्या गेली. मी ओशाळून खाली बघत होते.

“रेजिना, तुला सरळच सांगतो,” फादर म्हणाले. “विधुर माणसाला आम्ही घेतो, नाही असं नाही. पण त्याचं मूल मागे रडत राहिलं तर त्याचं शरीर तिकडे आणि मन इकडे, असं होतं. मी बघितलंय. म्हणून मूल मनापासून हो म्हणत नाही, तोवर मी पुढे जात नाही. उद्या बिशपांकडे बैठक आहे, जूनमध्ये कुणाला घ्यायचं ते उद्या ठरेल. वयात सूट मिळालीय ती ह्याच वर्षापुरती. यंदा नाही, तर मग नाहीच.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर पप्पा इथेच राहतील. त्यांना मी एवढंच सांगेन की जमलं नाही. कुणामुळे ते सांगणार नाही, त्यांनाही नाही, तुझ्या आत्यालाही नाही. तू आणि मी, बस.”

हे सगळ्यात वाईट झालं बघा. वाईटपणा घ्यावा लागणार म्हटलं असतं तर मी भिऊन हो म्हटलं असतं. इथे नुसती मान हलवायची, आणि पप्पा माझे माझ्याकडे! कुणाला पत्ता लागला नसता.

“संध्याकाळची घंटा झाली की मी परत येतो,” फादर उठत म्हणाले. “तोवर विचार कर. प्रार्थना कर असं मी म्हणत नाही, ते तू करशीलच.”

मी कसली करते प्रार्थना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

फादर फाटकाबाहेर पडले तसे पप्पा आत आले. बूट काढून ठेवले, शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर स्वयंपाकघरात गेले आणि सकाळी घेतलेल्या मांदेलीचं टोपलं घेऊन विळीवर बसले. मम्मी गेल्यापासून मासळी तेच साफ करायचे. आठवडाभर कारखान्यात फिटर, रविवारी लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे, आणि उरलेल्या वेळात माझी आई. फादर काय बोलले, मी काय बोलले, एका शब्दाने विचारलं नाही. एकेक मांदेली उचलायची, डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, पातेल्यात टाकायची. त्या गप्प बसण्यानेच मी जास्त पेटले.

“विचारा ना,” मी म्हटलं. “विचारा, काय झालं म्हणून.”

“तुझं आणि फादरांचं बोलणं आहे. मी कशाला विचारू?”

“का? घाई झालीय ना तुम्हाला? मला त्या विल्सनच्या गळ्यात बांधायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं!”

पप्पांचा हात विळीवर थांबला. “कोण विल्सन?”

“नुनीसांचा. माझं लग्न ठरवलंयत ना तुम्ही त्याच्याशी? फादरांना सांगितलंय आत्याने.”

पप्पांनी आत्याकडे बघितलं. आत्या ओट्याकडे तोंड करून उगाच नारळ किसत होती. पप्पांचा चेहरा काळवंडला.

“कार्मेल, माझ्या मुलीच्या नावाने खोटं बोललीस?”

“तुझ्यासाठी बोलले रे. आपल्या घरात कधी कुणी फादर झालं नाही. आईबापाने स्वप्न बघितलं ते डोळ्यांदेखत पुरं होतंय, आणि ह्या कार्टीपायी—”

“बाहेर जा,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आत्या किसणी टाकून निघाली.

मग आम्ही दोघंच. मी उभी, ते खाली विळीवर. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

“पप्पा, गावात लोक काय म्हणतात ठाऊक आहे? बँडवाला फादर! सेमिनरीत सतरा-अठरा वर्षांच्या पोरांबरोबर तुम्ही बाकावर बसणार. ती पोरं तुम्हाला अंकल म्हणतील.”

“म्हणू देत की. अंकलच आहे मी त्यांचा.”

“आणि माझं काय?”

“तू शहाणी आहेस. कमावतेस. आत्या आहे सोबतीला.”

“तसं नाही!” मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला जास्तच राग येतो. “उद्या माझं लग्न झालं, कुणाशीही होऊ दे, तर मी माहेरी म्हणून कुठे यायचं? सणाला कुणाकडे यायचं? पहिलं बाळंतपण कुठे करायचं, सेमिनरीत? मैत्रिणी सगळ्या पिशव्या भरून माहेरी जातील आणि मी कुलूप लावलेल्या दाराशी येऊन उभी राहू? मम्मी नाही, ते मी सोसलं. आता तुम्हीही चाललात, आणि तेही कुणी मेल्यागेल्याशिवाय, आपल्या पायांनी. माझं माहेरच उचलून नेताय तुम्ही!”

पप्पांनी हातातली मांदेली पातेल्यात टाकली. उठले मात्र नाहीत.

“तुला कधी सांगितलं नाही मी, का जायचंय ते,” ते म्हणाले.

“नाही सांगितलंत.”

“मम्मी गेली त्या दिवशी मी कुठे होतो, आठवतं तुला?”

आठवतं म्हणजे काय! मम्मीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी दुपारी तिने फादर पाहिजेत म्हणून धोशा लावला. पापकबुली करायची आहे, मरणाआधीचं पवित्र तेल लावून घ्यायचंय. आणि नेमके तेव्हा सगळे फादर वर्षाच्या प्रार्थनेच्या एकांतवासाला गेलेले. आमच्या चर्चमध्ये कुणी नाही, पलीकडच्या गावात कुणी नाही. पप्पा सायकल मारत एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये फिरत राहिले. शेवटी एक म्हातारे फादर सापडले, त्यांना कुणाच्या तरी स्कूटरवर घालून आणलं. तोवर मम्मी गेलेली.

“ती फादर फादर करत राहिली, आणि मी रस्त्यावर,” पप्पा म्हणाले. “मनात काय होतं तिच्या कोण जाणे. ते तसंच घेऊन गेली. त्यानंतर गावात कुणी शेवटचं असलं की मी जाऊन बसायला लागलो, तुला माहीत आहे. गेल्या वर्षी आपला इंत्रूस मामा. माझा हात धरून म्हणाला, कैतान, माझं एक ऐक, मला लवकर मोकळं कर. मी काय म्हणालो? म्हणालो, मामा, थांबा, फादर येताहेत. अगं, मरणाऱ्याला थांबा कसं म्हणायचं? तो थांबला नाही. मी नुसता हात धरून बसलो. बँडवाल्याने हात धरला काय, न धरला काय! पापांची माफी फादरच देऊ शकतात, माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं.”

त्यांनी बनियनच्या टोकाने तोंड पुसलं.

“परत कुणाला मी थांबा म्हणणार नाही, एवढंच मनात आलं. ही देवाची हाक की माझं वेड, ते मला ठाऊक नाही. फादरांना पण हेच सांगितलं.”

आता माझ्याजवळ एक गोष्ट होती. चार वर्षं ती मी कुणापुढे काढली नव्हती. बोलून टाकावी की नाही, क्षणभर घुटमळले. पण ते जे बोलले त्यावरून मला उघड दिसलं, ह्यांचं सगळं जाणं त्या एका दुपारवर उभं आहे. ती दुपार काढून घेतली की पप्पा थांबतील.

“पप्पा,” मी म्हटलं, “मम्मी तशी नाही गेली.”

“म्हणजे?”

“तुम्ही गेल्यावर तिने मला विचारलं, आले का फादर? मी म्हटलं, पप्पा आणायला गेलेत. तासाभराने परत तेच. मग ती म्हणाली, रेजी, दार लावून घे आणि इथे बस. फादर नाहीत तर तू ऐक. मी म्हटलं, मम्मी, मी कशी ऐकू? मी काय फादर आहे? ती म्हणाली, ते मला कळतं गं, ऐकणारा देव आहे, तू नुसती बस. माणसासमोर बोलल्याशिवाय माझ्या तोंडातून निघायचं नाही.”

पप्पा विळीवरून घसरून भिंतीला टेकले.

“बोलली?”

“सगळं बोलली. लहानपणापासूनचं. मध्ये थांबायची, दम लागायचा, परत बोलायची. मला काय करावं सुचेना, मी तिचा हात धरून बसले. संपल्यावर तिने पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, मी पण तिच्याबरोबर म्हटली. मग म्हणाली, आता हलकं वाटतंय, पाणी दे. दोन चमचे प्यायली. आणि झोप लागावी तशी गेली.”

पप्पा रडायला लागले. बापाला रडताना बघितलंय का कुणी? मम्मीच्या मयतीला त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ओक्साबोक्शी, तोंडावर हात दाबून, लहान मुलासारखे हुंदके देत होते. परसातून आत्या धावत आली, दारातच थबकली आणि उलट्या पावली निघून गेली.

“चार वर्षं का नाही सांगितलंस?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“कारण तुम्ही विचारलं असतं, काय बोलली म्हणून. आणि मला सांगावं लागलं असतं. तिने जे सांगितलं त्यात—”

“थांब.”

“नाही, ऐका. तुम्हाला कळलंच पाहिजे. त्यात तुमचं पण—”

“गप!”

ते इतक्या जोरात ओरडले की मी मागे सरले. आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्यांनी. हात वर केलेला, बोटांना मांदेलीची खवलं चिकटलेली, डोळे लाल.

“एक शब्द पुढे नको, रेजी.”

“पण पप्पा, तुमच्याबद्दलच होतं ते.”

“माझ्याबद्दल होतं की नव्हतं, हेही तू मला सांगितलेलं नाहीस. काय? मी ऐकलेलं नाही. ती देवाशी बोलली. तू मध्ये बसली होतीस, तुझ्या कानावरून गेलं, एवढंच. पापकबुलीतलं कधी बाहेर काढायचं नसतं, ते तुझ्याबरोबर मातीत जाईल. मला नाही, नवऱ्याला नाही, उद्या तुझ्या पोरीला नाही.”

“तुम्हाला जाणून घ्यायचं नाही?”

“घ्यायचंय की!” त्यांचा आवाज फाटला. “चार वर्षं रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तेच मनात होतं. शेवटी काय होतं तिच्या पोटात? मी कुठे चुकलो? तिला मी काय दिलं नाही? तुला काय वाटतं, मला नको आहे ते? पण ते माझं नाही. तिचं आहे. नको.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नर्सचं काम करते मी. माणूस गेलं की नातेवाईक पहिलं आम्हालाच गाठतात. सिस्टर, शेवटी काय म्हणाली? माझं नाव घेतलं का? दागिन्यांचं काही बोलली का? जीव तुटेपर्यंत विचारतात बिचारे, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ज्याच्या तोंडाशी घास आणून धरला आणि त्याने तोंड फिरवलं, असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.  बोलण्याबोलण्यात मी मम्मीचं गुपित विकायला काढलं होतं, आणि पप्पांनी ते माझ्या हातातून काढून परत झाकून ठेवलं.

पप्पांनी परत विळी पुढ्यात ओढली. उरलेल्या चार-पाच मांदेली साफ केल्या, मीठ-हळद लावून ठेवल्या, टोपलं धुऊन उपडं घातलं. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“तू सांगितलंस ते फार बरं केलंस, पोरी. ओझं उतरलं माझं. ती तशी गेली नाही, एवढं कळलं, बास झालं. आता मी नाही गेलो तरी चालेल. खरंच सांगतो, मनात किंतू ठेवून नाही बोलत. फादर आले की त्यांना सांग, नाही म्हणून. तुझं माहेर कुठे जात नाही.”

आणि ते खरंच बोलत होते. पप्पांना खोटं बोलता येत नाही, त्यांचे कान लाल होतात. कान लाल नव्हते. चेहरा मोकळा झाला होता, कितीतरी वर्षांनी मी तो तसा बघत होते. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती, ते स्वतःच थांबत होते. मी एवढंच म्हटलं, “बघू,” आणि तोंड धुवायला विहिरीवर गेले. तिथे काठावर बसून मी पोटभर रडून घेतलं. हा माणूस मी घरात ठेवून घेतला, तर उद्या कुणीतरी त्याचा हात धरून माझं ऐक म्हणेल, आणि पप्पा परत म्हणतील, थांबा. आणि ज्याला ‘थांबा’ म्हटलं, त्याचं ऐकून पोटात ठेवायला ह्यांच्यापेक्षा लायक माणूस मला तरी ठाऊक नव्हता.

चर्चची घंटा झाली. पप्पांनी कपाळाला हात लावून प्रार्थना म्हटली, आत्याने दिवा लावला, आणि फाटक वाजलं.

फादर सिप्रियन ह्या वेळी बसले नाहीत. ओटीवरच उभे राहून त्यांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा सवयीने अंगणाकडे निघाले.

“पप्पा, थांबा,” मी म्हटलं. “तुमच्यासमोरच बोलायचंय मला.”

“विचार झाला का?” फादरांनी विचारलं.

“झाला.”

“मग विचारतो. रेजिना, देतेस का पप्पांना?”

“फादर,” पप्पा मध्येच बोलले, “माझंच मन बदललंय. मी नाही—”

“त्यांचं ऐकू नका,” मी म्हटलं.  “ते माझ्यासाठी नाही म्हणताहेत. तुम्ही घेऊन जा त्यांना.”

“दुपारी तर तू...” फादर बोलता बोलता थांबले. “काय झालं मधल्या वेळात?”

“ते मला सांगता येणार नाही. ते माझ्याबरोबर मातीत जाईल. पण बिशपांना एवढं सांगा, की ह्या माणसाला अजून एकही पुस्तक वाचलेलं नसताना सगळ्यात अवघड गोष्ट येते. बाकीचं तुम्ही शिकवा.”

फादर सिप्रियननी मग पप्पांकडे बघितलं. पप्पा मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत होते. फादरांनी पुढे काही विचारलं नाही. कळलं असेल त्यांना, नसेल, मला माहीत नाही.

“देतेस?” त्यांनी परत एकदा विचारलं. तसंच विचारावं लागतं म्हणे.

“देते,” मी म्हटलं. “पण परत पाठवू नका. एकदा दिलेलं माणूस मी परत घेणार नाही.”

आत्या आतून ढसाढसा रडत बाहेर आली, पप्पांच्या गळ्यात पडली, मग माझ्या, मग फादर सिप्रियनच्याही पडणार होती, पण ते वेळेवर मागे सरले. पप्पा जवळ आले.   म्हणाले, “मांदेली तळू का? फादर, जेवूनच जा.”

जूनमध्ये मी त्यांची ट्रंक भरली. दोन चादरी, सहा बनियन, सुकटीची चटणी, आणि आत्याने रडत रडत केलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा. सेमिनरीच्या दारात सगळ्या मुलांच्या आया उभ्या होत्या आणि त्यांच्या घोळक्यात मी. एका बाईने मला विचारलं, “तुझा भाऊ का गं?” मी म्हटलं, “मुलगा.” ती हसली, मी पण हसले, आणि मग बसस्टॉपपर्यंत रडत गेले.

घर फार मोठं वाटायला लागलं. आत्या होती, पण संध्याकाळी विळीवर कुणी बसलेलं नसायचं. कॉर्नेट कपाटावर तसंच पडून होतं, मी ते झाकून ठेवलं. हो म्हणाल्याचा पस्तावा झाला नाही असं मी म्हणणार नाही. आजारी पडले, ताप चढला, की पप्पांना हजार शिव्या घालायचे.

नाताळ झाल्यावर सेमिनरीच्या मुलांना सुट्टी मिळते. त्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली, सकाळपासून तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. दुपारी एसटी थांबली आणि पप्पा उतरले. हातात मळक्या कपड्यांची पिशवी, गालफडं बसलेली, केस बारीक कापलेले. घर त्यांचं, बांधलेलं त्यांनी, पण पायरीशी येऊन चपला काढल्या आणि तिथेच उभे राहिले. मी दारात होते, त्यांच्याकडे बघत.

“येऊ का गं आत?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

“माहेरी येताना कुणी विचारतं का, पप्पा?”